फळ्यांचं कुंपण

एइनार होल्टे खिळे उपसत होता आणि डोरीन स्वयंपाकघराच्या पडद्याआडून पाहत होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस. एका हातात पहार, दुसरा कमरेवर. उचकटलेली प्रत्येक फळी तो नीट एकावर एक रचून ठेवत होता. जाऊन हात लावावा असं तिला दोनदा वाटलं. पण कुंपण काढा म्हणणारी तीच. आता कोणत्या तोंडानं जायचं? ती घासलेलीच भांडी पुन्हा घासत राहिली.

ते कुंपण दोघांच्या घरांमागून, पश्चिमेच्या उघड्या माळाच्या बाजूनं गेलेलं होतं. जागा एइनारची. वायोमिंगच्या त्या भागात पाऊस नावाला, वारा मात्र बारमाही. हिवाळ्यात कुंपणाच्या आडोशाला बर्फ साठायचा आणि वसंतात जमिनीत मुरायचा. तेवढ्या ओलीवर एइनारच्या बायकोनं, सोल्वेगनं, लायलकच्या फुलझुडपांची रांग जगवली होती. तिला जाऊन सहा वर्षं झाली, तरी दर जूनमध्ये रांग जांभळी व्हायची.

डोरीन गावच्या शाळेत मुलांचा स्वयंपाक करायची. घटस्फोटानंतर घर तिच्याकडे राहिलं, पण अंगण म्हणजे नुसती खडी आणि धूळ. तिनं पाच वर्षांचा बेत वहीत मांडला होता. आधी वाऱ्याला आडोसा म्हणून काटक झुडपं, मग ठिबकच्या नळ्या, मग चार झाडं. हिरवळ सगळ्यांत शेवटी, तीही दारापुरती. हा क्रम एइनारनंच तिच्या टेबलाशी कॉफी पीत सांगितला होता.

मग मुलीचं, टेसाचं, लग्न ठरलं. ऑगस्टमध्ये, घरच्याच अंगणात. मे महिन्यात नवऱ्या मुलाची आई, मिसेस व्हिटकोम, डेन्व्हरहून जागा पाहायला आली. अंगणाच्या मधोमध उभी राहून म्हणाली, "किती मोकळं आहे, नाही?" एवढंच. पण डोरीनच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

नेमका त्याच वेळी एइनार रोपांचा ट्रे घेऊन आला. जुनिपर या काटक झुडपाची बोटभर उंचीची रोपं, तिच्यासाठी आणलेली. पाहुणीनं विचारलं, हे कोण?

"शेजारी आहेत," डोरीन हसून म्हणाली. "काड्या गोळा करायचा नाद आहे त्यांना."

एइनारला ऐकू आलं. त्यानं टोपीला हात लावला, पाहुणीला नमस्कार केला आणि ट्रे घेऊन परत गेला.

त्याच आठवड्यात वहीतला बेत बाजूला पडला. पाच वर्षांसाठी ठेवलेले सात हजार डॉलर आठ उंच स्प्रूसची झाडं आणि तयार हिरवळीच्या गुंडाळ्यांत गेले. मग तिला दिसलं की मागचं ते करडं कुंपण फोटोत डोंगर झाकणार. लग्नापुरतं काढता येईल का, असं तिनं विचारलं. नंतर मी परत लावून देईन, असंही म्हणाली. एइनारनं जरा वेळ माळाकडे पाहिलं आणि हो म्हटलं.

लग्न देखणं झालं. फोटोत डोंगर आले. फळ्या मात्र ढिगातच राहिल्या. आधी पाहुण्यांची आवराआवर, मग शाळा सुरू झाली, मग जमीन गोठली. त्या हिवाळ्यात बर्फ पडला तसा वाऱ्यानं उडवून नेला. मार्चपर्यंत आठही स्प्रूस वाळून गंजलेल्या लोखंडाच्या रंगाचे झाले होते.

एप्रिलच्या एका सकाळी ती एइनारकडे गेली. तो लायलकपाशी वाकून नखानं साल खरवडत होता. आत हिरवं निघालं की फांदी जिवंत. तिनंही एक फांदी खरवडली. आत तपकिरी. दुसरी खरवडली. रांगेच्या टोकापर्यंत ती खरवडत गेली, तो तिच्या मागून चालला.

"एइनार," ती म्हणाली, "हे माझ्यामुळं झालं."

"वारा फार होता यंदा."

"तुम्ही नाही म्हणायचं होतं मला."

"मुलीचं लग्न होतं तुझ्या," तो म्हणाला. मग पडवीतल्या खोक्याकडे बोट दाखवलं. "सरकारी रोपवाटिकेत मागणी नोंदवणं जानेवारीतच बंद होतं. तुझ्या लक्षात राहायचं नाही, म्हणून तुझीपण चाळीस मागवलीत. जुनिपरच आहेत. त्याच काड्या."

तो टोमणा नव्हता, आणि म्हणूनच तिला मान वर करता येईना.

दुपारभर दोघांनी रोपं लावली. एइनारला आता गुडघ्यावर बसता येत नव्हतं. तो कुदळीनं खाच पाडायचा, ती गुडघे टेकून रोप आत धरायची, माती दाबायची. पहिली रांग तिनं त्याच्या बाजूला घेतली. तुझी आधी होऊ दे, असं तो म्हणाला, तिनं ऐकलं नाही. ही झुडपं खांद्याला लागायला किती वर्षं लागतात हे दोघांनाही ठाऊक होतं.

संध्याकाळी वारा सुटला. एइनार आत जाऊन दिवा लावून बसला. डोरीन बादली घेऊन त्याच्या रांगेवरून एकटीच चालली होती, प्रत्येक रोपापाशी वाकून, पाणी उडून जाऊ नये म्हणून ओंजळीनं मुळाशी सोडत.