यादीतला सुविधाचा फोन
कोगनोळी नाक्याजवळ सिद्रामचं हॉटेल. एसटी तिथं दहा मिनिटं थांबते. चहा बरा असतो, पण गिऱ्हाइकांचा जीव फुकटच्या वाय-फायवर, आणि तेच दुपारनंतर रुसून बसायचं. म्हणून त्या शनिवारी निपाणीहून नेटवाली तेजस्वी आली.

तिनं गल्ल्यावरच्या कॉम्प्युटरवर वाय-फायला जोडलेल्या फोनांची यादी उघडली. येणाऱ्या प्रत्येक फोनला हा वाय-फायचा डबा आपण होऊन एक नंबर देतो, तिनं समजावलं. नंबर मोजके, आणि गिऱ्हाईक निघून गेलं तरी दिवसभर त्याच्याच नावावर अडकून पडतात. मग नव्याला मिळणार कुठून? नंबराची मुदत दिवसावरनं अर्ध्या तासावर आणली की झालं. सिद्राम मान डोलावत होता, पण डोळे एका ओळीवर खिळले होते. सुविधाचा फोन.

तीन वर्षांपूर्वी लेकीनं मनाजोगतं लग्न केलं, तेव्हा या बाबानं भर हॉटेलात बजावलं होतं, माझ्या दारात पाऊल ठेवू नकोस. लेक बापासारखीच हट्टी. तिनं ठेवलं नाही.

"हे जुनं असंल," तो म्हणाला.

"जुनं टिकतच न्हाय, अण्णा. आज सकाळी अकरा पस्तीसचं हाय. पासवर्ड बदलला न्हाईसा, फोन पर्समधनंच जोडला जातोय."

अकरा पस्तीसला बेळगावकडं जाणारी गाडी असते. म्हणजे लेक दहा पावलांवर गाडीत बसून होती, आणि हा इथं भजी तळत होता. पुढच्या शनिवारीही ती या गाडीत असंल का, या विचारानं आठवडाभर त्याच्या जिवाला थारा नव्हता.

शनिवारी गाडी लागली, यादीत नाव आलं. सिद्राम दारात आला. तिसऱ्या खिडकीत सुविधा होती, वाळलेली, आणि दाराकडंच बघत होती. नजरानजर झाली. नुसतं 'ये' म्हणायचं होतं. तो खांद्यावरच्या फडक्याला हात पुसत राहिला. कंडक्टरनं घंटी मारली. गाडी गेली.

तो गल्ल्यावर येऊन बसला. नाव अजून यादीत होतं. अर्ध्या तासानं तेही गेलं. त्यानं तेजस्वीला फोन लावला आणि मुदत परत दिवसाची कर म्हणाला. गिऱ्हाइकं पुन्हा बोंबलतील, ती म्हणाली.

"बोंबलू देत. पोरगी गेली तरी नाव तेवढं दिवसभर ऱ्हातंय बघ."