उडवीत लपवलेला दरवाजा

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. घाटात रेल्वेने टाकून दिलेल्या, रुळांखालच्या सागवानी स्लीपरांपासून माझा जन्म झाला आणि घराचं रक्षण हेच माझं जीवितकार्य ठरलं. घर मात्र कुडाचं होतं. शेळीने मनात आणलं असतं, तर ती भिंतीतून आत आली असती.

खोपोलीजवळच्या त्या घरात भिवाजी, त्याची बायको बायजा आणि लेक चिमा राहत. भिवाजी रूळ दुरुस्त करणाऱ्या टोळीत होता. सुट्टीला तो माझ्या बिजागऱ्यांना तेल घाली आणि पाहुण्यांना सांगे, "ह्याच्यावरनं इंजिन गेलंय, म्हाईत हाय?" गेलं होतं. म्हणूनच तर टाकून दिलं होतं.

पुढे त्याने घर पोपटशेटकडे गहाण ठेवून म्हैस घेतली. म्हैस रोगात गेली, हप्ते थकले आणि कोर्टाने घराचा ताबा शेटला द्यायचा हुकूम काढला. शनिवारी भिवाजीचा राहिलेला पगार मिळणार होता. ताबा घ्यायच्या आधी पैसे आले, तर घरावरचा हक्क सोडायला शेट कबूल होता. म्हणजे शनिवारपर्यंत टिकायचं होतं. पगार आणायला घाटात निघताना भिवाजीने माझ्यावर हात ठेवला. "सांभाळ रं बाबा."

बुधवारी कोर्टाचा बेलीफ बुधाजी दवंडीवाल्याला घेऊन आला. त्याने थाप मारली तशी माझी फळी न् फळी हादरली. आत बायजा चिमाला पोटाशी धरून कणगीमागे बसली होती. चिमाचे दात वाजत होते. ते मला ऐकू येत होते, तर बुधाजीला का येऊ नयेत, या धास्तीने माझी कडी थरथरत होती.

"दार बंद हाय," बुधाजी दवंडीवाल्याला हळूच म्हणाला. "फोडायचा हुकूम नाय माझ्याकडं. उद्या बघू."

गुरुवारीही तेच झालं. ते बोलणं फक्त मी ऐकलं. पण मी पडलो लाकूड, सांगणार कसा?

त्याच संध्याकाळी शेजारचे आबाजी आले. ते एकदा कोर्टात साक्ष देऊन आले होते, त्यामुळे कायदा त्यांच्या घरचाच झाला होता.

"बायजे, ताब्याचा कागद दाराला चिकटवत्यात. दारच नसलं, तर चिकटवतील कशाला? तुझ्या कपाळाला?"

"पर आबा, दार काढलं तर घर उघडं पडंल की!"

"तुला कोरट कळतंय का मला?"

दोघांनी मला उचललं आणि पेंढ्याच्या उडवीत खुपसलं. मी बिजागऱ्या घट्ट धरून ठेवल्या होत्या, मित्रांनो. पण त्यांना तेल घातलेलं होतं.

शुक्रवारी पेंढ्यातून मला बुधाजीची पावलं ऐकू आली. ती थांबली. मग तो म्हणाला, "अगं, दार कुठं हाय?"

"नाय आमच्यात," बायजा म्हणाली. तिचा आवाज विहिरीतून आल्यासारखा होता.

बुधाजीने उंबऱ्याबाहेर चपला काढल्या आणि तो आत गेला.

मित्रांनो, आपल्या दारावर माया करा. त्याला तेल घाला. आणि भीती वाटली, तर आधी त्याला कडी लावा. शहाण्या शेजाऱ्याला नंतर विचारा.

ताब्याचा कागद बुधाजीने कुडाला चिकटवला. खळ कमी पडली, तेव्हा बायजाने भाताची पेज दिली.