इंदिराबाईंची मागची खोली

"पंखा नवाच दिसते," मास्तर वर पाहत म्हणाले. त्यांच्या बायकोने मोरीतला नळ सोडून पाहिला, ओट्यावरून हात फिरवला, मागची खिडकी उघडून सागाच्या झाडांकडे पाहिलं. तिचा चेहरा खुललेला पाहून दारात झाडू घेऊन उभ्या असलेल्या उर्वशीला वाटलं, आज ही खोली जाणार.

तेवढ्यात सुरेंद्रने घसा खाकरला. नवऱ्याचं ते खाकरणं तिला पाठ होतं.

"एक गोष्ट सांगून ठेवतो मास्तर," तो म्हणाला. "मागच्या महिन्यात इथले भाडेकरू वारले. याच खोलीत. वय झालं होतं, झोपेतच गेले. बाहेरून कळल्यापरीस मीच सांगतलेलं बरं."

मास्तरांच्या बायकोने ओट्यावरचा हात काढून घेतला. विचार करून कळवतो, असं म्हणून दोघं निघाली. फाटकाशी पोचेपर्यंत त्यांची चाल चांगलीच वाढली होती.

इंदिराबाई पुढच्या घराच्या पायरीवर बसून हे सगळं पाहत होत्या. सत्तरी उलटलेली एकटी बाई. मागच्या खोलीचं भाडं हाच त्यांचा आधार.

"सांगतलं काऊन पण तू?" त्या सुरेंद्रला म्हणाल्या.

"नाई सांगतलं तं गल्ली सांगते, बाई. मंग आठ दिवसांत खोली खाली, अन् माझ्यावर भरोसा कोणाचा राहीन?"

आलापल्लीत सुरेंद्रची एजन्सी म्हणजे राहत्या घराच्या ओसरीवरचं एक टेबल, दोन खुर्च्या आणि वर 'आसरा घरभाडे सेवा' असा रंगवलेला पत्रा. बदलीवर येणारे वनरक्षक, शिक्षक, नर्स, बँकेतले लोक त्याच्याकडे येत. तो त्यांना खोली दाखवायचा आणि सोबत सल्लेही द्यायचा. खोली दुपारी पाहू नका, सकाळी नळाच्या वेळेला या. भिंतीला हात लावून पाहा, ओल डोळ्यांना दिसत नाही. मालकाच्या आधी शेजाऱ्याशी बोला. पावसाळ्यात चपला झटकून घाला. घरमालकांनाही सांगायचा, भाडेकरू शोधता तसं माणूसही शोधा.

खोली रिकामी झाली की ती धुऊनपुसून ठेवणं उर्वशीकडे होतं. गावातल्या रिकाम्या खोल्या तिच्याइतक्या कोणी पाहिल्या नसतील. कुठल्या खोलीत वारा येतो, कुठल्या मोरीला वास मारतो, सगळं तिला ठाऊक. खोली झाडून झाली की ती क्षणभर मधोमध उभी राहायची आणि कुलूप लावून घरी यायची. घरी सासू, दीर, जाऊ, जावेची मुलं. उर्वशी आणि सुरेंद्र मधल्या खोलीत झोपत. ती खोली कसली, वाटच होती. पुढून मागे जाणारा प्रत्येक जण तिच्या अंथरुणाच्या कडेने जायचा. याच वाटेवर तिचा संसार झाला, मुलगी मोठी झाली आणि लग्न होऊन वरोऱ्याला गेली. तिने कधी तक्रार केली नाही. तक्रार करायची तरी ती सांगायला एकांत हवा होता.

मागच्या खोलीत गेलेले जंगूबाबा लाकूड डेपोत चौकीदार होते. निवृत्त झाल्यावरही इथेच राहिले. त्यांचं गाव भामरागडच्या पलीकडे, जंगलात. अधूनमधून न सांगता गावी जायची सवय होती, म्हणून दार दोन दिवस उघडलं नाही तेव्हा इंदिराबाईंना काही वाटलं नाही. तिसऱ्या दिवशी वाटलं. सुरेंद्रने गाडी केली, गल्लीतली चार माणसं सोबत घेतली आणि जंगूबाबांचा देह त्यांच्या गावी पोचवून आला. परत आल्यावर त्याने गल्लीतल्यांना ओसरीवर बोलावलं. कोणाला बोल लावला नाही. एवढंच म्हणाला, "आपल्या गल्लीत एकटे राह्यणारे पाच लोकं हायेत. वाटून घेऊ. रोज त्याइले पाहून याचं." लोकांनी मान्य केलं. पाहून येऊही लागले. पण खोली ती खोलीच राहिली. रात्री खोकला ऐकू येतो, असं कोणी म्हणे. कोणी तिच्यासमोरून जाताना पावलं उचलत.

मास्तर गेले त्या संध्याकाळी सुरेंद्र जेवताना म्हणाला, "आपणच जाऊन राहू तिथी."

उर्वशीचा हात थबकला. "त्या खोलीत?"

"लोकं रोज आपल्याले तिथी राह्यताना पाह्यतीन. तुझं वाळवण दिसन, दिवा दिसन. भेव आपोआप जाईन. कोणी भाडेकरू भेटला का परत येऊ. तवरोक भाडं आपण देऊ, जमन तेवढं."

"अन् मले भेव नाई वाटत का?"

"वाटत असन," तो म्हणाला. "मले बी वाटते."

सासूने तोंड वाकडं केलं. जाऊ म्हणाली, "सयपाकाचं कसं?" पण शेवटी दोन गाद्या, एक शेगडी आणि थोडी भांडी घेऊन दोघं गेली. उर्वशीने देव्हाऱ्यातली गणपतीची तसबीर घेतली आणि पहिल्याच दिवशी जंगूबाबा झोपायचे त्या कोपऱ्यात लावली.

सकाळी जाग आली तेव्हा तिला आधी काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. मग कळलं. अंगावरून कोणी गेलं नव्हतं. सागाचं मोठं वाळलेलं पान पत्र्यावर पडून घसरत खाली गेलं, त्याचा आवाज तिने पूर्ण ऐकला. उठून तिने चहा ठेवला आणि लक्षात आलं, दोघांपुरत्या चहाचं पातेलं तिच्याजवळ नाही. घरून आणलेल्या पातेल्यात दोन कप पाणी तळाला नुसतं पसरलं. त्या आठवड्याच्या बाजारात तिने एक लहानसं पातेलं घेतलं. हलवून, वाजवून, पुन्हा हलवून. बाजारातून घरी येईपर्यंत ते तिने पिशवीत न टाकता हातातच धरलं होतं.

माघ सरला, शिमगा आला. सकाळी ती जाऊन सासूचं न्हाणंखाणं करून यायची, एजन्सीच्या खोल्या झाडायची आणि दुपारी आपल्या खोलीवर परतायची. आपल्या, असंच ती मनात म्हणू लागली होती. मावळतीची खिडकी बारा वाजायच्या आत लावली तर खोली थंड राहते, हे तिला कळलं. वानरं दुपारी तीनच्या सुमाराला येतात आणि पापडांना सोडत नाहीत, हेही. मोरीच्या दाराला थोडं उचलून ढकलावं लागतं. इंदिराबाई संध्याकाळी वाटीत काहीबाही झाकून आणायच्या आणि दारातच बसून गप्पा मारायच्या. हळूहळू आत येऊन बसू लागल्या. मग गल्लीतल्या बायकाही. खोकल्याची गोष्ट कोणी काढेनासं झालं.

एके दुपारी सुरेंद्र अवचित जेवायला आला. उर्वशी दारातल्या झुळकीत फरशीवर आडवी पडली होती, केस मोकळे, डोळे मिटलेले, तोंडाने कसलंसं गाणं. चाहूल लागताच ती धडपडून उठली, पदर सावरू लागली.

"पडून राय," सुरेंद्र म्हणाला.

"तुमाले वाढते ना."

"मी घेतो. पडून राय तू."

त्याने खरंच आपल्या हाताने वाढून घेतलं. जेवताना एकदोनदा तिच्याकडे पाहिलं. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण बायको दिवसा आडवी झालेली त्याने पाहिली नव्हती.  त्या दिवसापासून तो खोलीवर येताना बाहेरूनच सायकलची घंटी वाजवू लागला.

चैत्रात फरहा आली. बल्लारपूरची पोरगी, जवळच्याच अहेरीच्या सरकारी दवाखान्यात नवी नर्स लागलेली. एका मैत्रिणीच्या घरी सामान ठेवून ती रोज खोली शोधत होती. एका ठिकाणी एकट्या मुलीला देत नाही म्हणाले. दुसरीकडे सगळं ठरलं आणि नाव सांगितल्यावर खोली आधीच गेलेली निघाली. सुरेंद्रने इंदिराबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "नर्स घरात असली तं मलेच बरं. नाव काई असो. पण तुमचं काय मंग?"

त्या दिवशी सुरेंद्र खोलीवर आला, पण फरहाला घेऊन आला नाही. दारातच बसला आणि सगळं सांगितलं.

"पोरगी चांगली हाये," तो म्हणाला. "पण तू म्हणशीन तं तिले सांगतो, खोली गेली. आपण राहू इथीच. भाडं पुरं देऊ. मायकडे सकाळ-संध्याकाळ जाऊन येत जाऊ. मी दादाशी बोलतो."

उर्वशी तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. लग्नानंतर एवढं सरळ तिला कोणी काही विचारलं नव्हतं. हो म्हणायला अर्धा श्वास पुरला असता. ती हो म्हणाली असती तर तोही शब्द फिरवणारा नव्हता, हेही तिला माहीत होतं.

"इंदिराबाई काय म्हणते?" तिने विचारलं.

"तिले तूच पाह्यजे. मले म्हणाली, उर्वशी गेली तं मले करमणार नाई."

 सुपातले खडे तिने एकेक करून बाजूला काढले.

"लोकं काय म्हणतीन?" शेवटी ती म्हणाली. "म्हणतीन, बुढ्या बाईच्या खोलीले भाडेकरू येऊ देला नाई अन् दलालच घुसून बसला. उद्या कोण आपली खोली तुमच्या हाती देईन?"

"लोकाइचं सोड. तुले काय वाटते?"

"मले वाटते ते वाटते," उर्वशी म्हणाली. "त्या पोरीले बोलवा उद्या. मीच दाखवते खोली."

दुसऱ्या दिवशी फरहा आली. बारीक चणीची, खांद्याला पिशवी, दिवसभराच्या ड्यूटीने दमलेली. सुरेंद्र फाटकाशीच थांबला. उर्वशीने घसा खाकरला आणि आधी जे सांगायचं ते सांगितलं.

"या खोलीत जंगूबाबा म्हणून भाडेकरू वारले. सांगून ठेवते. मंग कोणी सांगीन अन् तुले भेव वाटन."

फरहाने खोलीभर नजर फिरवली. "दवाखान्यात रोजच कोणीतरी जातं, काकू. त्याच वॉर्डात आम्ही दुपारी डबा खातो." मग थोडं थांबून तिने विचारलं, "तुम्हाला भीती वाटली?"

"पयल्या दिवशी. मंग झोप लागली. अशी झोप मले कधी लागली नवती."

मग तिने सगळं दाखवलं. खिडकी कधी लावायची, मोरीचं दार कसं उचलायचं, पाणी किती वाजता येतं, वानरांचं काय. पावसाळ्यात ही भिंत थोडी ओलावेल, पलंग तिला टेकवू नको. इंदिराबाईंना ऐकू कमी येतं, पण त्या कबूल करत नाहीत. रात्रपाळीहून आलीस तर आधी त्यांना तोंड दाखव, म्हणजे त्या निर्धास्त झोपतील. फरहा मान हलवत होती. उर्वशीला मात्र बोलणं थांबवता येईना. थांबलं की संपणार होतं.

"तुम्ही किती दिवस राहिलात इथे?" फरहाने विचारलं.

"थोडेच दिवस," उर्वशी म्हणाली.

सामान हलवायला एक खेप पुरली. तसबीर काढली तिथे भिंतीवर खिळा राहिला. तो काढायला सुरेंद्र पुढे झाला, तशी ती म्हणाली, "राहू द्या. तिले कायतरी अडकवाले कामी येईन." इंदिराबाईंनी तिचा हात बराच वेळ धरून ठेवला. घरी गेल्यावर जावेने विचारलं, "आली का वो?" आणि कणकेची परात पुढे सरकवली. सासू म्हणाली, "बरं झालं, घर भरलं." रात्री अंथरुणाच्या कडेने पाण्याला उठलेला पुतण्या गेला. उर्वशीने पाय आखडून घेतले. शेजारी सुरेंद्र जागाच होता. त्याने कूस बदलून आपली गादी वाटेच्या बाजूला ओढली आणि तिला भिंतीकडे सरकायला लावलं.

चार दिवसांनी फरहाचा निरोप आला. गॅसच्या शेगडीची नळी गळतेय असं वाटतं, कोणाला तरी पाठवा. सुरेंद्र बाहेरगावी गेला होता, म्हणून उर्वशीच नवी नळी घेऊन निघाली. फाटक उघडून ती अंगण ओलांडून सवयीने थेट मागे गेली. खोलीचं दार सताड उघडं होतं. दाराला निळा पडदा लागला होता. आतून फोडणीचा वास येत होता, तिच्या फोडणीपेक्षा वेगळा.

एक पाय उंबऱ्याच्या आत पडला होता. तो तिने मागे घेतला. चपला बाहेर काढल्या, पदर नीट केला आणि उघड्या दाराची कडी हलकेच वाजवली.

"कोण आहे?" आतून आवाज आला.

"मी हाये जी," उर्वशी म्हणाली. "एजन्सीतून आली. येऊ का आत?"