शेजारच्या तुकडीची वेबसाइट

पाचवी ‘ब’च्या बाईंच्या पोटात महिनाभर दुखत होतं आणि त्यावर औषध नव्हतं. ‘अ’ तुकडीला शिकवायला आलेल्या नव्या पोरीने वर्गाची वेबसाइट काढली होती. आज काय शिकवलं, गृहपाठ कोणता, आणि न कळलेलं विचारायला एक चौकट. मुलं घरून विचारत आणि ही बया संध्याकाळी उत्तरं देत बसे. मुख्याध्यापक ऊठसूट तिचे गोडवे गात. वीस वर्षं खडू झिजवलेल्या बाईंना पालक विचारू लागले, “मॅडम, आपल्या वर्गाची वेबसाइट कधी?” बाईंच्या तळपायाची आग मस्तकात जाई.

त्यांची लेक चिमी त्यांच्याच वर्गात होती. लोकांनी नावं ठेवायला नकोत म्हणून बाईंनी नियमच केला होता: घरी मी फक्त आई, अभ्यासातलं काही विचारायचं नाही. पोर गुणी. सुरुवातीला हिरमुसायची, हल्ली विचारतच नसे. बाईंना या शिस्तीचा कोण अभिमान!

रविवारी चिमी खेळायला गेली तशी बाईंनी तिचा टॅब उचलला. आपल्या फोनवरून पाहिलं तर त्या ‘अ’च्या पोरीला कळेल, ही धास्ती. वेबसाइट लगेच उघडली. तासभर उकरून अपूर्णांकांच्या बेरजेत एक चूक सापडली तेव्हा कुठे त्यांना बरं वाटलं. चौकटीत ठणकावून लिहिलं, “उदाहरण चुकलं आहे. आधी छेद समान करा.” खाली नाव घातलं नाही.

सोमवारी मधल्या सुट्टीत नवी बाई धावतच आली. “मॅडम, तुमच्या चिमीने माझी चूक पकडली!”

“चिमीने?”

“तिच्याच खात्यावरून आलंय. पहिल्या दिवसापासून येते की ती! मला वाटलं, तुम्हीच पाठवता.”

टॅबवर लेकीचं खातं उघडंच होतं, हे बाईंच्या आत्ता ध्यानात आलं. आपली पोर महिनाभर हिच्याकडे शिकते आहे, हे त्याहून जास्त झोंबलं.

“मी काल शाब्बासकी दिली, विचारलं, घरी कोण शिकवतं गं? थांबा, सकाळीच घरून उत्तर आलेलं दिसतंय.” तिने फोन पुढे धरला. दोघींनी एकदमच वाचलं.

“हे मी नाही लिहिलं. आईने लिहिलं असणार, तिला सगळं येतं. घरी तिला विचारायचं नसतं. पण आता ती इथे आली आहे, तर इथे विचारलं तर चालेल का?”