नळापासून चाळीस पावलं

"बाई, मी नऊ चित्रं मागितली होती. ही बावीस आहेत," दिग्दर्शक म्हणाला आणि त्याने कागदांचा गठ्ठा बाईंच्या टेबलावर ठेवला.

बाईंनी चष्मा सावरून कागद मोजले. बावीसच होते. नऊ कागदांच्या कोपऱ्यात त्यांच्या अक्षरातले आकडे होते. उरलेल्या तेरांवर आकडे नव्हते, पण रेघ त्यांचीच होती. एकतीस वर्षं एकाच कामात घालवलेल्या माणसाला आपली रेघ ओळखू येत नाही, असं होत नाही. बाईंना ती ताबडतोब ओळखू आली. आपण ती कधी काढली, हे मात्र काही केल्या आठवेना.

"चुकून झाली असतील," त्या म्हणाल्या.

दिग्दर्शक हसला. पस्तिशीचा माणूस, बाईंशी नेहमी मानाने बोलायचा. इथे लोक चुकून एक चित्रसुद्धा जास्त काढत नाहीत आणि तुम्ही तेरा काढलीत, असं म्हणून तो त्यांना छोट्या खोलीत घेऊन गेला. कच्ची चित्रं पडद्यावर हलतात कशी, हे बघायची ती खोली. भर दुपारीही तिथे अंधार असायचा.

बाईंचं काम असं होतं. चित्रांच्या मालिकेत मोठा चित्रकार मोजकीच चित्रं काढतो. पहिल्या चित्रात पोरगा उभा आहे, शेवटच्या चित्रात तो पडलेला आहे. उभ्याचा आडवा कसकसा झाला, ते मधल्या कागदांवर दुसऱ्या कुणीतरी काढायचं असतं. ते दुसरं कुणीतरी म्हणजे बाई. सगळा स्टुडिओ त्यांना 'मधल्या बाई' म्हणायचा. त्यांचं नाव पडद्यावर अगदी शेवटी यायचं, तेही इतक्या बारीक अक्षरात आणि इतक्या घाईने, की त्यांच्या आईला ते आजवर एकदाही वाचता आलं नव्हतं. नातेवाइकांत त्या 'कार्टूनवाली' होत्या. कुणाच्या घरी पोराचा वाढदिवस असला की हमखास फोन यायचा, एक ससा काढून दे ना, तुला काय, दोन मिनिटांचं काम. बाई ससा काढून द्यायच्या. पहिली बारा वर्षं त्यांनी ससे, अस्वलं आणि टूथपेस्टच्या जाहिरातीतले दातांचे किडे यांच्यावरच काढली होती, त्यामुळे सशाशी त्यांचं काही वाकडं नव्हतं.

आता दिवस बदलले होते. आता मोठ्या माणसांना चित्रातली लढाई बघायची होती, आणि लढाईत लहान मुलं हवी होती. या मालिकेत तोफगोळ्यांच्या पेट्या वाहणाऱ्या पोरांची एक तुकडी होती आणि प्रत्येक भागात त्यातलं एक पोर मरत होतं. प्रेक्षक ढसाढसा रडायचे आणि पुढचा भाग कधी म्हणून विचारायचे. दिग्दर्शकाला बोल लावण्यात अर्थ नव्हता. त्याने लढाई पुस्तकांत पाहिली होती, पण मन लावून पाहिली होती.

नऊ भाग बाईंनी मोठ्या युक्तीने काढले होते. मरणाचा प्रसंग वाट्याला आला की तो शेजारच्या टेबलावरच्या मुलीला द्यायचा आणि बदल्यात तिच्याकडचे घोडे घ्यायचे. घोड्याला चार पाय असतात आणि चारही वेगवेगळे पडतात, त्यामुळे तो काढताना भल्याभल्यांच्या नाकी नऊ येतात. ती मुलगी एका पायावर तयार व्हायची. बाई हळव्या आहेत, असं सगळे धरून चालले होते, आणि बाईंनीही कुणाचा समज दुरुस्त केला नव्हता. पण दहाव्या भागाच्या वेळी ती बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि ठेंगूचं मरण बाईंच्या टेबलावर येऊन पडलं.

ठेंगू म्हणजे तुकडीतला सगळ्यात लहान. सात वर्षांचा. तो भिंतीपाशी उभा असतो, गोळा फुटतो आणि तो पडतो. सोबतच्या तक्त्यावर दिग्दर्शकाने शेरा लिहिला होता, 'जागच्या जागी पडतो. त्याला काही कळत नाही.' तो शेरा बाईंनी दोनदा वाचला होता. तेवढं त्यांना आठवत होतं. त्यानंतर त्यांनी पेन्सिल हातात घेतली होती, आणि पुढची दुपार कुठे गेली ते त्यांना सांगता आलं नसतं. दोन दिवस उजवा खांदा तेवढा दुखत होता. वय झालं, असं त्यांनी मनाला समजावलं होतं.

छोट्या खोलीत पडदा उजळला.

ठेंगू भिंतीपाशी उभा होता. मग तो पडला नाही. तो भिंत सोडून पुढे आला. सरळ बघणाऱ्याकडे धावत, एक पाऊल, दोन, तीन, चार. त्याचा उजवा खांदा खाली ओढला गेला होता, हातात काहीतरी जड असावं तसा, पण हात रिकामा होता. तोंड उघडत होतं आणि मिटत होतं. चौथ्या पावलाला कागद संपले आणि पोरगा एकदम मागे, भिंतीपाशी, मरून पडलेला दिसला.

दिग्दर्शकाने पुन्हा दाखवलं. मग पुन्हा. तिसऱ्या वेळी बाईंना वाटलं की पोरगा पडद्याबाहेर नुसतं बघत नाहीये, तो खोलीतल्या दोन खुर्च्यांपैकी नेमक्या डावीकडच्या खुर्चीकडे बघतोय. डावीकडच्या खुर्चीवर त्या बसल्या होत्या. कागदावर काढलेल्या डोळ्यांना खुर्च्या दिसत नाहीत, हे त्यांना इतर कुणाहीपेक्षा चांगलं माहीत होतं. तरी त्यांनी खुर्ची हातभर सरकवली. चौथ्या वेळी तो सरकवलेल्या खुर्चीकडे बघत होता.

"आई म्हणतोय बहुतेक," दिग्दर्शक हळू आवाजात म्हणाला.

"आई म्हणताना ओठ मिटत नाहीत."

"मग काय म्हणतोय?"

बाईंना ते कळलं होतं. आधी तोंड उघडं, मग ओठ मिटलेले, आणि पुन्हा तेच. थांब. थांब. त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"आणि असा एका अंगाला झुकून का धावतोय?" दिग्दर्शकाने दिवा लावला. अंगावर काटा येतो, पण हे आपल्याला चालणार नाही, असं तो समजुतीने सांगू लागला. त्याच्याकडे या प्रसंगासाठी सेकंदभरच होता, आणि मुख्य चित्रात पोरगा भिंतीपाशीच पडलेला होता. "एवढा पुढे आलेला मुलगा परत भिंतीपाशी कसा पडेल, बाई? माणूस एका जागी उभा दिसला आणि दुसऱ्या जागी पडलेला दिसला, तर मधलं अंतर तो चाललेला असलाच पाहिजे. तुम्हीच शिकवलंय ना हे आम्हाला?"

बाईंनीच शिकवलं होतं. नव्या येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी त्या हेच सांगायच्या. चित्रातला माणूस हवेतून उडी मारत नाही, प्रत्येक पावलाचा कागद कुणीतरी काढावा लागतो. एकतीस वर्षं हे वाक्य त्यांच्या तोंडात होतं आणि ते आपल्या घरालाही लागू पडतं, हे त्यांच्या एकदाही डोक्यात आलं नव्हतं.

बाईंच्या वाट्याला आलेली लढाई खरी होती. सत्तेचाळीस वर्षांपूर्वी, बाई दहा वर्षांच्या आणि धाकटा भाऊ सात वर्षांचा असताना, त्यांच्या गल्लीवर आठ दिवस गोळे पडत होते. गोळीबार थांबला की पोरं गल्लीच्या टोकाच्या नळावर पाण्याला धावायची. त्या सकाळी धाकट्याचा डबा भरला होता आणि बाईंचा भरत होता. तेवढ्यात शिट्टीसारखा आवाज आला. बाईंनी डबा टाकला आणि घराकडे पळत सुटल्या. नळापाशी उभा असलेला भाऊ हे एक चित्र. मग दिवसभर गोळीबार चालू राहिला, बाहेर पडायची सोय नव्हती, आणि संध्याकाळी खिडकीच्या फटीतून त्यांनी बेकरीच्या पायरीपाशी पडलेला भाऊ पाहिला. ते दुसरं चित्र. आईने विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं की तो नळापाशी माझ्या शेजारीच होता, मी बघत होते, तो जागच्या जागी पडला, त्याला काही कळलंच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आई एकटी जाऊन त्याला घेऊन आली. त्यानंतर त्या घरात या विषयावर कुणी बोललं नाही.

दोन्ही चित्रं इतकी वर्षं बाईंच्याजवळ होती. त्यांनी ती एकमेकांशेजारी ठेवली नव्हती, एवढंच. नळ आणि बेकरी यांच्यात चाळीस पावलं होती. त्यांनी ती रोज मोजली होती, कारण बेकरीच्या पायरीवर डबा टेकवून हात बदलायचा असायचा.

बाई आपल्या टेबलावर येऊन बसल्या. काचेखालचा दिवा लावला आणि ते तेरा कागद नीट लावून घेतले. चार पावलांना तेरा कागद. चाळीस पावलांना एकशे तीस. सेकंदाला बारा कागद लागतात. हिशेब त्यांच्या हातात बसलेला होता, तो आपोआप झाला. अकरा सेकंद. अकरा सेकंद तो भरला डबा घेऊन थांब थांब म्हणत मागून धावत होता आणि त्यांनी एकदाही वळून बघितलं नव्हतं. बाईंना रडू आलं नाही. लाज वाटली. शेजारचं टेबल रिकामं होतं, कुणी बघत नव्हतं, तरी त्यांनी खाली मान घातली.

मग त्यांनी कोरे कागद घेतले आणि मागितली होती तशी नऊ चित्रं काढली. ठेंगू भिंतीपाशी उभा राहिला, त्याचे गुडघे वाकले आणि तो जागच्या जागी पडला. दिग्दर्शकाने ती पडद्यावर लावून बघितली आणि आता कसं अगदी खरं वाटतं, असं म्हणाला. सत्तेचाळीस वर्षांपूर्वी तोंडाने केलेलं काम बाईंनी आज हाताने केलं होतं, आणि आजही ते लगेच पास झालं.

नेहमीपेक्षा तासभर लवकर त्या घरी निघाल्या. तेरा कागद पिशवीत होते. पिशवी उजव्या हातात धरवेना, इतकी जड लागत होती. त्यांनी थांबून आत बघितलं, तर कागद तेरा आणि डब्यातली अर्धी पोळी, बस. रस्त्यावर उजेड होता, माणसं होती, आणि तरी आपल्यामागे कुणीतरी लहान पावलांनी येत आहे असं त्यांना घरापर्यंत वाटत राहिलं. या वेळी त्यांनी वळून बघितलं. पाच-सहा वेळा बघितलं. मागे भाजीची पिशवी घेतलेला एक म्हातारा होता आणि तोच शेवटी घाबरून पलीकडच्या बाजूला गेला.

घरी आई वाळलेली चादर मांडीवर घेऊन वाट बघत बसली होती. ऐंशी वर्षांची बाई, बाकी सगळं एकटीने करायची, पण चादरीच्या घडीला दुसरं माणूस लागतं. घरात या दोघीच होत्या. बाईंनी पिशवी ठेवली, हात धुतले आणि चादरीची दोन टोकं धरली. आईने आपली दोन धरली.

"आई, तो पडला तेव्हा मी तिथे नव्हते."

आईने टोकं सोडली नाहीत. कोण पडला, हेही विचारलं नाही. "माहीत आहे," ती म्हणाली.

"मी काही बघितलं नाही. मी पळाले होते."

"माहीत आहे गं. मीच आणला ना त्याला. तू नळ म्हणालीस आणि तो बेकरीपाशी होता."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

आईने चादर ताणून घेतली, घडीची रेघ सरळ आहे का बघितली. "दहा वर्षांची होतीस. बोलून काय केलं असतं, तुलाही घालवून बसले असते?" मग तिने आपली टोकं जुळवली. "आणि तुझं काढलं असतं तर माझंही निघालं असतं."

"तुझं काय?"

"डबा त्याच्या हातातच होता. बोटं एकेक करून सोडवावी लागली मला. सकाळी तुम्ही निघालात तेव्हा मी काय म्हणाले होते? एक थेंब सांडून आलात तर घरात घेणार नाही."

बाईंना ते आठवत नव्हतं. त्या दिवशी त्या रिकाम्या हाताने घरी आल्या होत्या आणि डब्याबद्दल त्यांना कुणी एका शब्दाने बोललं नव्हतं, एवढंच त्यांना आठवत होतं. चादर दोघींच्या मध्ये लोंबत होती. बाई पुढे गेल्या आणि आपली टोकं त्यांनी आईच्या हातात दिली. मग तिच्याजवळ खाली बसल्या.

"किती वेळ धावला असेल गं?" आईने विचारलं. "तुला अंदाज असेल. तुझं कामच ते."

मला काय माहीत, असं म्हणता आलं असतं. बाईंच्या ते ओठांवर आलंही होतं.

"अकरा सेकंद," त्या म्हणाल्या.

आईने घडी घातलेली चादर मांडीवर ठेवली आणि तिच्यावर हात ठेवून ती हळूहळू मोजायला लागली. आठवर ती थांबली. पुढचे तीन बाईंनी मोजले.