म्हातारीचा हातगुण

"अगं, डोळा धरून बांधावर काय बसलीस? मका काय स्वतः चालत घरी येणार आहे?"

म्हातारीच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की सून निमूट उठायची आणि कामाला लागायची. आज ती उठली नाही. विळा बाजूला टाकून, पदराचा बोळा डोळ्यावर दाबून ती तशीच बसली होती. पश्चिमेकडं आभाळ काळवंडत चाललं होतं, वारा पडला होता आणि अर्धं रान अजून उभं होतं. कणसं भिजली तर मक्याच्या उभ्या ताटावरच मोड येतील, या धास्तीनं म्हातारी सकाळपासून करवादत होती.

"आत्याबाई, पान लागलं. ताट ओढलं आणि ते सपकन डोळ्यातच आलं."

"कुठल्या डोळ्यात? तिरळ्या का चांगल्या?"

"चांगल्या."

म्हातारीच्या हातातली पेंढी खाली पडली. सुनेचा डावा डोळा लहानपणापासून तिरळा होता. त्या डोळ्यानं तिला उजेड कळायचा, माणूस हललेला कळायचा, त्यापुढं काही नाही. सगळी भिस्त उजव्यावर. भांडणात म्हातारी हे हटकून काढायची, "एका डोळ्याची केली आणि तोरा दोन डोळ्यांचा मिळाला," असं म्हणायची. पण त्याच सुनेला रानातून यायला उशीर झाला, तर दारात येरझारा घालणारीही तीच. तिचं प्रेम कायम तोंडाच्या मागच्या दारानं यायचं.

"हात काढ. बघू दे मला."

डोळा लालबुंद झाला होता आणि पाण्याची धार लागली होती. म्हातारीनं कनवटीची छोटी पिशवी सोडली आणि तिच्यातून बाटली काढली.

ही बाटली म्हणजे म्हातारीचं राज्य होतं. मोतीबिंदू काढला तेव्हा दवाखान्यानं तिला डोळ्यांत टाकायला थेंब दिले होते. तिचे डोळे लख्ख झाले, थेंब उरले. पुढं शेजारच्या सुताराचा डोळा आला, तिनं दोन थेंब टाकले, सुतार बरा झाला. मग सुताराची बायको आली, तिच्या मागून अख्खी आळी आली. बाटली संपली की म्हातारी रिकामी बाटली मेडिकलवाल्याला दाखवायची आणि तसलीच दुसरी घेऊन यायची. तो कधी काही विचारायचा नाही आणि ही कधी सांगायची नाही. लोक म्हणायचे, आजीच्या हाताला गुण आहे. ते ऐकलं की म्हातारीच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. जन्मभर कुणी चांगलं म्हणालं नव्हतं, म्हातारपणी म्हणायला लागले, तर कुणालाही गोडच वाटणार.

तिनं सुनेची मान मागं केली, बोटानं पापणी ओढली आणि थेंब सोडला.

"कसं वाटतंय?"

"गार वाटतंय."

"वाटणारच. ऊठ आता."

संध्याकाळपर्यंत ठणका कमी झाला, लाली उतरली. रात्री जेवताना मुलगा म्हणाला, "उद्या दवाखान्यात दाखवून आणू का? डोळ्याचं काम आहे."

"दाखव की! मका तेवढा तुझ्या डॉक्टरला कापायला सांग," म्हातारी म्हणाली. "लाली उतरली ते दिसत नाही का तुला? तिलाच विचार."

मुलानं बायकोकडं पाहिलं. ती ताटाकडं बघत म्हणाली, "बरं वाटतंय. मका आत येऊ दे आधी."

खरं तर तिला बरं वाटत नव्हतं. ठणका नव्हता, पण डोळ्यापुढं धूर आल्यासारखं व्हायचं. ते बोलावं तर सासूच्या हातगुणाला बट्टा, आणि वर आभाळ असं भरलेलं. ती रोज सकाळ-संध्याकाळ मान मागं करत राहिली. म्हातारी हौसेनं थेंब टाकत राहिली. तिला वाटलं, चांगल्याला जास्त दिलं तर आणखी चांगलं होईल, म्हणून दुपारचाही एक वाढवला.

मका घरात आला आणि त्याच आठवड्यात एका सकाळी सुनेनं चहा ओतला, तो कपाच्या बाहेर. सगळाच्या सगळा. म्हातारीनं ओरडायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. सून चुलीकडं तोंड करून हातानं कप चाचपत होती.

"इकडं बघ. उजेडात ये."

डोळ्याच्या काळ्या भागावर, बरोबर मधे, ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा डाग होता. म्हातारीनं तिथूनच मुलाला हाक मारली.

तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई वयानं लहान होत्या. त्यांनी सुनेची हनुवटी यंत्रावर टेकवली, बारीक उजेड पाडून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "काय लागलं होतं?"

"मक्याचं पान," मुलगा म्हणाला.

"आणि डोळ्यात काय घातलं?"

मुलगा आईकडं बघायला लागला. म्हातारीनं पिशवी सोडली. त्या बाटलीचा तिला एवढा अभिमान, पण ती टेबलावर ठेवताना तिचा हात जड झाला. डॉक्टरीणबाईंनी बाटलीवरचं नाव वाचलं आणि डोळे मिटून घेतले.

"आजी, हे ऑपरेशननंतरचं औषध आहे. यानं डोळा गार पडतो, लाली जाते. पण पान लागलं की डोळ्यात बुरशी शिरू शकते. कोंदट जागी धान्याला धरते ना, तशीच. शरीर तिच्याशी भांडत असतं, म्हणून लाली येते, ठणका लागतो. या औषधानं भांडणारेच झोपवले. मग बुरशीला रान मोकळं मिळालं."

"पण बरं वाटत होतं तिला," म्हातारी पुटपुटली.

"तीच तर फसगत आहे."

मुलानं विचारलं, "दिसेल ना तिला? दुसरा डोळा आधीच अधू आहे हो."

डॉक्टरीणबाईंनी खोटा धीर दिला नाही. नवे थेंब तासातासाला, दिवसाउजेडी आणि रात्रीही, एकही पाळी न चुकवता टाकायचे. डाग आटला तर डोळा वाचेल. फुटला तर डोळा काढावा लागेल. रोज बघायला लागेल, म्हणून इथंच राहा. म्हातारीला पुढचं ऐकू आलं नाही. काढावा लागेल, एवढंच तिच्या कानात घोंगावत राहिलं.

वॉर्ड लांबट होता. खाटा दोन्ही भिंतींना, मधे जायला वाट, खिडक्यांना हिरवा रंग. नर्स एकटी, तिला माणसं भरपूर. घरी गुरं होती, मका सोलायचा पडला होता, म्हणून मुलगा घरी गेला. सुनेजवळ राहिली म्हातारी.

पहिल्या पाळीला तिनं नवी बाटली उघडली, खाटेशी आली आणि म्हणाली, "मान कर मागं."

सुनेनं डोळा गच्च मिटला.

"अगं, वेळ झाली."

"तुमच्या हातानं नको."

आवाज चढला नव्हता. चढला असता तर म्हातारीला उत्तर देता आलं असतं. तिची सगळी हयात उत्तरं देण्यात गेली होती. शेजारच्या खाटेवरची बाई कूस बदलून ऐकायला लागली. म्हातारीनं बाटली पुढं केली.

सुनेनं बाटली चाचपत घेतली आणि स्वतःच टाकायला लागली. एक थेंब भुवईवर पडला, एक गालावरून कानात गेला. तिसरा कुठं गेला ते तिलाही कळलं नाही. नर्स धावत आली, तिनं टाकला आणि रागावली, "घरचं माणूस बसलंय ना इथं? मी प्रत्येक तासाला कशी येऊ?"

तो सगळा दिवस असाच गेला. सून औषध सांडायची आणि म्हातारी बघत बसायची. तिचे डोळे लख्ख होते, लांबून तिला दिसायचं की थेंब डोळ्यात गेलाच नाही. बोलायची मात्र सोय नव्हती. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, "डाग वाढलाय. औषध नीट जातंय ना?" सून पांघरूण सारखं करायला लागली, म्हातारी बाटलीचं झाकण फिरवायला. आपलेच दात, आपलेच ओठ, कुणाला काय सांगायचं?

दुपारी सुताराची बायको भेटायला आली. केळी आणली होती, खाटेच्या कडेला बसली, सुनेच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हातारीला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "आजी, तुमची बाटली कुठं असते हो? ह्यांच्या डोळ्यात लाकडाची कपची उडाली. कालपासून तळमळतायत."

"संपली बाटली."

"असं कसं? परवा तर भरलेली होती."

"संपली म्हणते ना!"

सुताराच्या बायकोचं तोंड उतरलं. "घरात दुखणं आलं म्हणून शेजार तुटला का आजी? दोनच थेंब मागितले. राहू दे. त्या मेडिकलवाल्याला ठाऊक आहे तुमचं औषध, जाताना त्याच्याकडूनच घेते."

ती केळ्यांची रिकामी पिशवी घडी करत दाराकडं निघाली. म्हातारी तिच्या पाठीकडं बघत राहिली. सुंभ जळतो, पीळ जळत नाही. तिला अजूनही वाटत होतं, आळीत नाव राहावं. सुतार बाटली घेईल, त्याला गार वाटेल, लाली उतरेल, तो आजीला दुवा देईल. आणि मग त्याच्याही डोळ्यात पांढरा दाणा येईल.

"थांब गं!"

अख्ख्या वॉर्डानं माना वळवल्या.

"ती बाटली घेऊ नकोस. त्याच बाटलीनं माझ्या सुनेचा डोळा खाल्ला. पानानं नाही खाल्ला, मी खाल्ला. ही बरं वाटतंय म्हणाली, माझं मन राखायला म्हणाली, आणि मला वाटलं माझ्या हाताला गुण आहे. काही गुण नाही माझ्या हाताला. आळीत सगळ्यांना सांग. नवऱ्याला आत्ता इथं घेऊन ये, काय घालायचं ते डॉक्टर बघतील."

बोलता बोलता ती खाली फरशीवरच बसली.  सुताराची बायको पदर खोचून पळतच निघाली. शेजारच्या खाटेवरची बाईसुद्धा आता भिंतीकडं तोंड करून पडली. 

"आत्याबाई."

म्हातारीनं वर पाहिलं. सुनेनं उशी मानेखाली ओढून घेतली होती आणि डोकं मागं टाकलं होतं.

"पाळी चुकेल. टाका."

म्हातारी उठली, हात धुतले, बाटली घेतली. पहिला थेंब सुनेच्या भुवईवर पडला. सुनेनं तिचं मनगट पकडलं, घट्ट, बोटं रुतेपर्यंत, आणि पकडून धरलं. थेंब डोळ्यात पडला. त्यानंतर प्रत्येक पाळीला असंच झालं. बाटली सासूची आणि मनगटावरची पकड सुनेची. म्हातारीच्या मनगटावर वळ उठले. ती ते कुणाला दाखवायची नाही, बांगड्या पुढं ओढून घ्यायची.

सुताराच्या डोळ्यातली कपची त्याच दिवशी काढली. चार दिवसांत तो रंधा मारायला लागला, हे मुलानं येऊन सांगितलं.

सुनेचा डाग वाढायचा थांबला. मग कडेनं आटायला लागला. डॉक्टरीणबाई पहिल्यांदा हसल्या तेव्हा म्हातारीनं मनातल्या मनात सगळ्या देवांना हात जोडले. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "डोळा वाचला. काढावा लागणार नाही. पण मधे वण राहणार, पांढरा. समोर माणूस आहे एवढं कळेल, कोण आहे ते कळणार नाही. पुढंमागं नेत्रदानातून मिळालेलं दुसऱ्याचं बुबुळ बसवता येतं, त्यासाठी नाव घालून ठेवते. ते कधी मिळेल हे माझ्या हातात नाही."

त्या पुढच्या खाटेकडं गेल्या. मुलगा खिडकीपाशी जाऊन बाहेर बघत उभा राहिला. म्हातारी खाटेच्या कडेला बसली, तोंडात पदराचा बोळा कोंबला, तरी हुंदका बाहेर आलाच. मग तिनं आवरायचं सोडून दिलं आणि डोळे चोळत, मोठ्यानं रडायला लागली.

सुनेनं आवाजाच्या रोखानं हात पुढं केला. आधी म्हातारीचा खांदा सापडला, मग हात. तिनं तो हात म्हातारीच्या डोळ्यांवरून खाली ओढला.

"चोळू नका आत्याबाई. रडू पण नका. तुमचे डोळे सांभाळा," ती म्हणाली. "आता घरात आपल्याला दोघींना त्यांच्यावरच भागवायचंय."