आन्या सांगेल ते

वल्लरीने डॉक्टरांच्या दाराबाहेरच्या खुर्चीवर डायपरची बॅग ठेवली आणि आन्याला शेजारी बसायची खूण केली.

"मी आत येते ना, आई."

"आज नको. आज माझी परीक्षा."

"त्या डॉक्टर खूप फास्ट बोलतात. तुला नाही कळणार सगळं."

"नाही कळलं तर पुन्हा विचारीन. अकरा वर्षांची तू, मला शिकवू नकोस."

ती हसत बोलली खरी, पण हातातल्या देवांगचं टोपडं तिने उगाचच दोनदा सारखं केलं.

सात महिन्यांच्या देवांगच्या हृदयाला भोक होतं. आपोआप बुजलं तर बुजलं, नाही तर ऑपरेशन. मागच्या खेपेला फोनवर मराठी दुभाष्या मिळाला नाही, तेव्हा आन्याच पुढे झाली. बाहेर आल्यावर म्हणाली, "बुजतंय म्हणाल्या. ताकदीचं औषध दिलंय, काळजी नको." वल्लरीने त्या दिवशी शिरा केला होता. तिच्या नवऱ्याला, अंकुरला, हॉटेलच्या किचनमधून दिवसा सुट्टी मिळत नसे. त्यालाही तिने फोनवर तेच वाक्य जसंच्या तसं ऐकवलं.

पण पोरीची शाळा किती बुडवायची? म्हणून गेले सहा आठवडे देवांगचा डोळा लागला की ती वही काढून बसे. खालच्या मजल्यावरच्या सुलभाकाकू वर येत. तीस वर्षं नर्स होत्या.

"पुस्तकातलं इंग्रजी विसर," काकू म्हणत. "इथे दवाखान्यात साध्या शब्दाला शेपूट लावतात. उलटी झाली की थ्रो अप. बेशुद्ध पडला की पास आउट. तूर्त थांबायचं असेल तर होल्ड ऑफ."

"आणि गो इन?"

"उघडून आत शिरणं," काकूंनी सांगितलं, आणि त्यांनीच वहीचं पान उलटलं.

भांडी घासताना वल्लरी सगळं पुटपुटत राही. थ्रो अप, पास आउट, होल्ड ऑफ. गो इनपाशी आली की नळ मोठा सोडायची.

आत डॉक्टरीणबाईंनी स्क्रीन तिच्याकडे वळवली आणि बोलायला लागल्या.

"प्लीज, स्लो डाउन," वल्लरी म्हणाली. त्या थांबल्या. मग एकेक वाक्य सावकाश आलं. भोक बुजत नाहीये. मागच्या वेळी सांगितलं तसंच आहे.

"मागच्या वेळी?"

बाईंनी आपली नोंद वाचली. औषधावर सहा आठवडे होल्ड ऑफ करू, तेवढ्यात बुजलं नाही तर गो इन करावं लागेल, हे तेव्हाच बोलणं झालं होतं. मुलीने दोनदा विचारून घेतलं होतं.  मग बाई म्हणाल्या, तिने हेही विचारलं होतं, की नंतर तो वेक अप होईल ना.

वल्लरीच्या कानांतून एकही शब्द निसटला नाही.

वल्लरीने देवांगला छातीशी घट्ट धरलं. सहा आठवडे आन्या पाळण्याशेजारी जमिनीवर बसून होमवर्क करत होती. औषधाचे थेंब स्वतः मोजत होती, घड्याळ बघून. मधेच उठून त्याच्या नाकाशी बोट धरायची. "झोपू दे की त्याला, सारखी काय बघतेस," असं म्हणून वल्लरी तिला दोन-तीनदा ओरडलीही होती.

तिने वही उघडली. ऑपरेशनची तारीख लिहिली. मग एक प्रश्न विचारला आणि उत्तर ऐकून तोच पुन्हा विचारला.

दार उघडलं तेव्हा आन्या उभीच होती. डायपरची बॅग दोन्ही खांद्यांना अडकवून. तिने देवांगकडे बघितलं नाही, आईच्या तोंडाकडे बघितलं.

"काय म्हणाल्या?"

बुजतंय म्हणाल्या. वाक्य वल्लरीच्या जिभेवर तयार होतं, आन्याच्याच आवाजात. तेवढं बोललं असतं तर दोघी लिफ्टपर्यंत नीट चालत गेल्या असत्या.

"मंगळवारी ऑपरेशन आहे," ती म्हणाली. "नंतर उठेल म्हणाल्या. मी दोनदा विचारलं."

 आन्याने मान खाली घातली.

वल्लरीने देवांगला एका हातावर तोललं आणि दुसऱ्या हाताने आन्याच्या खांद्यावरचा पट्टा उतरवला. एक, मग दुसरा.

"दे इकडे," ती म्हणाली. "जड आहे ती."